पैजेचा ससा

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो कुत्रं घेऊनच. बीगल. अंगावर काळा, पांढरा आणि तपकिरी रंग, कान गालाखाली लोंबणारे आणि डोळे असे की आत्ताच कुणीतरी त्याच्यावर रागावलंय. चौथ्या मजल्यावर वाढलेलं ते बेणं मी पाडव्याच्या सकाळी शेतावर नेलं. बाजरी निघून गेलेली, तूर फुलोऱ्यात, बांधावरच्या गवतावर दव. दहा पावलं गेलं असेल नसेल, त्यानं नाक बांधाला लावलं आणि गळ्यातून असा लांबलचक सूर काढला की शेजारच्या रानातला गडी खुरपं टाकून उभा राहिला.

"काय दिसलं वो त्याला?"

"दिसलं काही नाही. वास लागला. ससा गेलाय इथनं."

"कवा?"

"रात्री कधीतरी."

"मंग आता बोंबलून काय उपेग?"

मी चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण लोक डॉक्टरच म्हणायचे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर या वरच्या अंगाच्या गावांत कुत्री जितकी मी पाहिली तितकी कुणी पाहिली नसतील. तरी गड्याच्या त्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण तो आमच्या मुलखाचा प्रश्न होता. आमच्याकडे सशामागं धावणारं कुत्रं डोळ्यांनी धावतं. दिसला तर पळायचं, नाही दिसला तर बसायचं.

शिकारी कुत्र्यांत या दोन जाती जगभर आहेत. एक नाकाची, एक डोळ्यांची. बीगल नाकाचं. उंचीनं सव्वा फूट, पायानं आखूड, पळण्यात सशाच्या पासंगालाही पुरणार नाही. पण दहा-पंधरा जोड्या एकदम सोडल्या की त्या वासाचा माग काढत, गळे काढत, तासन् तास चालत राहतात आणि मागून माणसंही पायीच. इंग्लंडात पिकं निघाली, शरद लागला की हा हंगाम सुरू होई. सुरुवातीच्या दिवसांत जमीन कोरडी, ऊन तापलेलं, म्हणून वास लवकर उडे. तेव्हा भल्या पहाटे निघायचं. ससा सरळ रेषेत पळून परमुलखात जात नाही. तो आपल्या ओळखीच्या रानातच मोठा फेर धरतो आणि निघाल्या जागेजवळ परत येतो. बीगलचा सगळा भरवसा त्या फेरावर. २००४ साली तिथल्या संसदेनं कुत्र्यांकरवी शिकार बंद करणारा कायदा केला आणि फेब्रुवारी २००५पासून इंग्लंड-वेल्समध्ये तो लागू झाला. म्हणजे माझ्या मुलाचं बीगल त्याच्या मायदेशातही बेकारच.

आमचं कुत्रं कारवानी. उंच, कमरेला बारीक, छाती खोल, तोंड लांबट आणि अंगावर मांस असं नाहीच. नवख्याला वाटावं उपाशी ठेवलंय. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अफगाणिस्तान-इराणकडून दख्खनेत येणाऱ्या तांड्यांबरोबर ही कुत्री आली, असं मानतात. अरबी सलुकी आणि अफगाणी ताझी यांच्या भावकीतलं हे वाण. कानाला-शेपटीला झालर असेल तर पश्मी म्हणायचं. कृष्णेपलीकडे मुधोळच्या घोरपडे राजांनी याच वाणाची जोपासना केली म्हणून तिकडं ते मुधोळ हाउंड झालं. आजही देशातल्या एका केनेल क्लबच्या वहीत हे कुत्रं कारवान हाउंड आहे आणि दुसऱ्याच्या वहीत मुधोळ. २००५मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळ होतं. आमच्या आजोबांना, आबांना, हे कळलं असतं तर म्हणाले असते, "तिकिटाव बसून पळंल का?"

आबांची कुत्री हरणी. मातकट रंगाची, उजव्या कानाला चीर. आबांच्या शिकारीचं पंचांग ठरलेलं होतं. दसऱ्याला सोनं लुटून झालं तरी लगेच कुत्री सोडायची नाही. का, तर कुसळ. बालाघाटाच्या माळावर पावसाळा सरला की कुसळी गवत वाळतं आणि त्याची टोकं कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत, कानांत, डोळ्यांत शिरतात. एकदा आत गेलेलं कुसळ पुढंच सरकतं, मागं येत नाही. पुढं नोकरीत मी अशी शेकड्यानं काढली आणि दर वेळी आबा आठवले. कुसळ झडलं, बाजरीचं रान मोकळं झालं, ज्वारी अजून गुडघ्याखाली आहे, एवढ्या मधल्या पंधरा-वीस दिवसांचा त्यांचा हंगाम. नंतर ज्वारी वाढली की ससा तिच्यात शिरतो आणि डोळ्यांनी धावणारं कुत्रं आंधळं होतं.

आमचा ससा बीळ करत नाही. पिंजऱ्यातला लाल डोळ्यांचा पांढरा ससा वेगळा, तो विलायती. मराठीत दोघांना एकच शब्द म्हणून पोरांचा घोटाळा होतो. रानातला ससा मातीच्या रंगाचा, मानेमागं काळा पट्टा. मातीत किंचित खोलगट जागा करून त्यात तो दिवसभर अंग चोरून बसतो. पाय पडेपर्यंत उठत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनीच जन्माला येतात, कारण लपायला घर नसतं. आबा म्हणायचे, "जन्मल्या जन्मल्या पळायचंय त्याला, डोळं मिटून कसं भागंल?"

चार-पाच माणसं ओळीनं, हातात काठ्या, ढेकळं मारत चालायची. आबा मध्ये, हरणीच्या गळ्यातला पट्टा मुठीत. ससा उठला की आरोळी आणि पट्टा सुटायचा. पहिल्या वीस हातांत हरणी त्याला गाठायची आणि तिथंच खरा खेळ सुरू व्हायचा. ससा जागच्या जागी असा वळतो की कुत्र्याचा जोर त्याला पुढं फेकून देतो. परत गाठायचं, परत वळण. सशाचे मागचे पाय लांब, म्हणून तो चढाला पळतो. उताराला त्याचा तोल जातो. आमच्याकडच्या टेकड्या त्याच्याच बाजूच्या. आबा म्हणायचे, टेकाडाला लागला तर ससा घरचा, खाली राहिला तर आपला. दहांतले सहा-सात टेकाडाला लागायचे.

मिळालाच तर वाटे पडायचे. जितकी माणसं तितके वाटे आणि एक वाटा कुत्र्याचा. दोन-अडीच किलोच्या जनावरात पाच-सहा वाटे. कालवण म्हणजे नुसतं रश्श्याचं पाणी. पण बाजरीच्या भाकरीबरोबर ते ज्या चवीनं खाल्लं जायचं, त्यात मांसापेक्षा पळापळीची गोष्टच जास्त असायची.

ही पळापळ किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या राज्यात आमचा सारा मुलूख होता. त्यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्यानं कुत्र्यांचं वेगळं प्रकरणच घातलंय, नाव ‘सारमेयविनोद’. त्याच्याही हजार वर्षं आधी, अलेक्झांडरची मोहीम आणि हिंदुस्थानाचं वर्णन लिहिणाऱ्या ग्रीक एरियननं कुत्र्यांच्या शिकारीवर पुस्तक केलं. त्याचं म्हणणं, खऱ्या शौकिनाला सशाच्या मरणाशी देणंघेणं नसतं, त्याला शर्यत बघायची असते. सुटला तरी आनंदच. आबांना अक्षर येत नव्हतं, पण टेकाडाला लागलेल्या सशाकडं ते कपाळाला हात लावून बघत राहायचे, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे असायचं ते एरियननं लिहिलेलंच असणार.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘लीळाचरित्रा’तला ससा. गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं आत्मतीर्थ. नोकरीच्या निमित्तानं तिकडं जाणं झालं आणि तिथल्या एका वृद्ध बाबांनी मला ही लीळा ऐकवली. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास जुळवलेल्या या ग्रंथाला आपण मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणतो. त्या आद्य गद्यात कुत्र्यांनी पाठ धरलेला ससा आहे! ससा धावत येऊन चक्रधर स्वामींच्या मांडीखाली शिरतो. कुत्री थबकतात. मागून पारधी येतात आणि हात जोडून ससा मागतात. म्हणतात, हा पैजेचा ससा आहे, सुटला तर आमच्या आमच्यात सुऱ्या निघतील. स्वामी विचारतात, शरण आलेल्याला द्यायचं असतं का? रानातलं गवत खाऊन, रानातलं पाणी पिऊन राहणाऱ्यानं कुणाचं काय बिघडवलं? पारधी वरमतात. मग स्वामी मांडी उचलतात आणि त्या सशाला महात्मा म्हणून, जा आता, असं सांगतात.

बाबा दयेवर बोलत होते. माझं लक्ष पैजेवर. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही आमच्या गोदाकाठी कुत्र्यांची पैज लागत होती आणि ती इतकी चढत होती की सुऱ्या निघाव्यात. आबांच्या काळातही पैज होतीच. सुऱ्या नसायच्या, कोंबडा नाहीतर नारळ असायचा. आणखी एक गोष्ट मनात राहिली. त्या लीळेतल्या पारध्यांनी ऐकलं. त्यांच्याशी कुणीतरी माणसासारखं बोललं आणि त्यांनी ऐकलं. पुढच्या काळात त्यांच्याशी असं कुणी बोललं नाही.

पारध हा शब्द संस्कृत पापर्धीतून आला म्हणतात. नावातच पाप बसवलेलं. फासेपारध्यांची खरी विद्या फाशाची. कुत्रं त्यांच्याकडं असतं, पण ते राखणीला. शिकवलेल्या गाईच्या आडोशानं तित्तिरापर्यंत पोचणं, घोड्याच्या केसांचे फास मांडणं, पाखराच्या आवाजात बोलणं, हे त्यांचं. पाटील-देशमुखाची शिकार म्हणजे शौक, निजामाची शिकार म्हणजे वैभव. सहावा निजाम महबूब अलीखान वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेला. पुण्याकडच्या गोऱ्या अंमलदारांनी तर विलायतेहून कुत्र्यांची पथकं आणवली. विलायती खोकड मिळेना तिथं देशी खोकड, तेही मिळेना तिथं कोल्हा, पण शिंग फुंकून हंगाम साजरा झाला. आणि पारध्याची तीच शिकार म्हणजे गुन्हेगाराच्या हातचं काम. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास पुढं मुंबई इलाख्यावर पडला. पारधी जन्मताच गुन्हेगार ठरले. सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या, हजेऱ्या सुरू झाल्या.

आमचा आष्टी-पाटोद्याचा भाग म्हणजे हद्दीवरचा. पलीकडं नगर जिल्हा, इंग्रजी; अलीकडं मोगलाई. आबा सांगायचे की तिकडं पोलीस मागं लागले की पारध्यांची पालं अलीकडं यायची, इकडं अमीन मागं लागला की तिकडं. आपल्या भाषेत यालाच ससेहोलपट म्हणतात. ससेमिऱ्याचा मात्र सशाशी संबंध नाही. तो आला विक्रमाच्या गोष्टीतून. शिकारीला गेलेल्या राजपुत्रानं झाडावर आसरा देणाऱ्या अस्वलाचा विश्वासघात केला आणि शापानं तो ‘स से मि रा’ एवढीच चार अक्षरं बडबडत राहिला. एक शब्द पळणाऱ्याचा, एक दगा देणाऱ्याचा, आणि दोन्ही शिकारीतूनच निघालेले. सप्टेंबर १९४८ला मोगलाई संपली, ३१ ऑगस्ट १९५२ला तो गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्तदिन म्हणून पाळतात. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर जायची ती पुढं माझ्या नोकरीभरही जातच राहिली.

मग १९७२ आलं. मी दहा वर्षांचा. पाऊस नाही, बाजरी नाही, त्यामुळे बाजरीचं रान मोकळं होण्याचा प्रश्नच नाही. सगळंच मोकळं. आई खडी फोडायला, आम्हा पोरांना सुकडी, घरात मिलोची लाल भाकरी. त्याच सप्टेंबरात, ९ तारखेला, दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यानं ससा ‘लहान शिकारी’च्या यादीत टाकला, परवाना घेऊन मारता येईल असा. पुढं १९९१च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारच गेली आणि ससा मारणं हा सरळ गुन्हा झाला. आमच्या गावात यातलं काही कुणाला कळलं नाही. कळलं ते एवढंच, की ससे गावाजवळ यायला लागलेत. विहिरीच्या थारोळ्याजवळ, उकिरड्यावर. हाडं वर आलेली. हरणीही तशीच. आबांनी त्या साली तिला सोडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "दोघंबी उपाशी. त्यात कसली पैज?"

माझ्या वडिलांनी, दादांनी, त्या साली ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेतली. आमच्या घरातली पहिली. प्रवरेकाठी १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून आमच्या भागातली माणसं नगरकडं ऊस तोडायला जाऊ लागली होती. बहात्तरनं ती वाट हमरस्ता केली. उसाचं वाढं बैलांना मिळतं, निदान बैल तरी जगतील, हाही हिशेब होता. दसरा झाला, गाडी भरली आणि आबांनी स्वतः हरणीला गाडीच्या दांडीला बांधलं. कोपीवर राखणीला होईल म्हणाले. चैतात दादा-आई परतले. हरणी नव्हती. उसाच्या फडात शेवटचा पट्टा तोडायला राहतो तेव्हा आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडतं, रानडुक्कर, खोकड, ससे. तशा एका पट्ट्यातून ससा उठला, हरणी मागं लागली आणि उसाच्या दुसऱ्या फडात गेली ती गेलीच. दादांनी एवढंच सांगितलं. आबांनी पुन्हा कुत्रं पाळलं नाही.

शिकार कायद्यानं बंद पडली, असं वन खात्यातले माझे मित्र म्हणतात. मला तसं वाटत नाही. आमच्याकडची सशाची शिकार कोयत्यानं बंद पाडली. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं मुकादमाच्या वहीत लिहितात. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. नेमका तोच हंगाम. कुसळ झडायला आणि ट्रक लागायला एकच गाठ. ढेकळं मारत ओळीनं चालणारी चार माणसं गावात उरतच नाहीत. उरतात म्हातारी आणि शाळेची पोरं. पट्टा सोडायचा कुणी आणि आरोळी द्यायची कुणी? चोरून जाणारे होते आणि आहेत, नाही कसं म्हणू? माझ्या टेबलावर छाती फाटलेलं कारवानी यायचं. "तारंत घुसलं डॉक्टर." जखम बाभळीच्या काट्याची असायची. मी टाके घालायचो. दोन-तीनदा बजावलंही, की पुढच्या खेपेला वन खात्याला कळवीन. पण ती तुरळक माणसं. हंगाम म्हणून, पंचांग म्हणून जी शिकार होती ती संपली.

कुत्रं मात्र संपलं नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच. पूर्वी त्याचे वाघे कोटंब्यात भिक्षा घेऊन कुत्र्यासारखे भुंकत. निवृत्तीनंतर मी माळेगावला गेलो. लातूरकडची कारवानी, तेल लावलेली, गळ्यात मण्यांचे पट्टे, किंमत विचारली तर बैल स्वस्त वाटावा. काही फार्महाउसला जाणार, काही लष्कराच्या चाचणीला. मुधोळची पिल्लं २०१६मध्ये मेरठला लष्कराच्या केंद्रात गेलीच होती. एका पोराला विचारलं, हे पळतं का? त्यानं मोबाइल काढून व्हिडिओ दाखवला. दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी यंत्र ओढतंय आणि कुत्री तिच्या मागं. पिशवी वळत नव्हती. सरळ जात होती.

दिवाळीच्या पाडव्याच्या त्या सकाळी बीगल काही थांबेना. मी दोरी सैल सोडली. त्यानं बांध धरला, तुरीच्या कडेनं ओढ्यात उतरलं, पलीकडं चढलं, जुन्या विहिरीला वळसा घातला आणि अर्ध्या तासानं पुन्हा त्याच बांधावर, त्याच गड्यासमोर आलं. जीभ बाहेर, शेपूट उभी. फेर पुरा झाला होता. म्हणजे रात्रीचा तो ससा इथंच, दहा-वीस हातांत कुठंतरी मातीच्या खळग्यात अंग चोरून बसलेला असणार. मला ते कळत होतं, कुत्र्यालाही कळत होतं. मी दोरी गुंडाळून हातात घेतली.

गड्यानं खुरपं धोतराला पुसलं. त्याचा ट्रक रात्री आठला लागणार होता, कर्नाटकातल्या कारखान्याला. बायको घरी भांडी पोत्यात भरत होती.

"हितंच हाय म्हणता?" त्यानं तुरीकडं बघितलं.

"इथंच."

"असू द्या," तो म्हणाला. "आता सहा म्हैने रान त्याचंच हाय."